परवडणाऱ्या वाइनची परवड

जगातील वाइनचा खप २०२४ साली सुमारे २१ कोटी ४० लाख हेक्टोलिटरपर्यंत खाली आला, असा आंतरराष्ट्रीय द्राक्ष व वाइन संघटनेचा अंदाज आहे. १९६१ नंतरचा हा नीचांक होय. त्याच्या आदल्याच वर्षी, ऑगस्ट २०२३ मध्ये, फ्रान्सच्या सरकारने युरोपीय संघाच्या साह्याने २० कोटी युरो बाजूला काढले आणि शिल्लक राहिलेली वाइन विकत घेऊन तिचे ऊर्ध्वपातन करावयाचे ठरविले. जी वाइन कोणाच्या तरी जेवणाच्या मेजावर जावयाची, ती अत्तरे व जंतुनाशके यांसाठी लागणारा मद्यार्क बनली. पुढे २०२४ मध्ये द्राक्षवेली मुळासकट उपटून टाकण्यासाठी हेक्टरी ४००० युरो देण्याची योजना आली व सुमारे २७ हजार हेक्टरांसाठी मळेवाल्यांनी अर्ज केले.

या बातम्या वाचून पुष्कळांच्या डोळ्यांसमोर तळघरांत वर्षानुवर्षे जपलेल्या, लिलावात हजारो युरोंना जाणाऱ्या बाटल्या उभ्या राहतील. परंतु संकट तेथे नाही. संकट आहे ते दोन-तीन युरोंना मिळणाऱ्या, नावगाव फारसे कोणास ठाऊक नसलेल्या, घरच्या साध्या जेवणाबरोबर प्यावयाच्या वाइनवर. म्हणजे जी वाइन परवडते, नेमकी तिचीच आज परवड चालली आहे. वस्तू स्वस्त असूनही तिला गिऱ्हाईक का मिळू नये, आणि ती स्वस्त ठेवण्याची किंमत अखेर कोण मोजतो, हे दोन्ही प्रश्न केवळ फ्रान्सचे नाहीत. नाशिक, दिंडोरी, नारायणगाव व पलूस या परिसरातील द्राक्षबागांशीही त्यांचा संबंध पोहोचतो.

रोजच्या जेवणातील जिन्नस

दक्षिण युरोपातील वाइन ही दीर्घकाळ चैनीची वस्तू नव्हती. आपल्याकडे चहाला जे स्थान आहे, तेच फ्रान्स, इटली व स्पेन येथील कष्टकऱ्याच्या घरात तिला होते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास लोहमार्ग आले आणि लांगदोकसारख्या भूमध्यसागराकाठच्या प्रांतातील वाइन उत्तरेकडील कारखान्यांच्या शहरांत स्वस्तात पोहोचू लागली. त्यानंतर फायलॉक्सेरा नामक किडीने युरोपातील वेलींची मुळे कुरतडून टाकली. अमेरिकी वेलींच्या खुंटांवर कलमे बांधून मळे पुन्हा उभे राहिले, तेव्हा लांगदोकच्या सपाट जमिनीत आरामाँसारख्या भरघोस पिकणाऱ्या जाती लावण्यात आल्या. या वाइनचा रंग फिका, चव पातळ, पण उत्पादन अफाट असे. अल्जीरियातून येणारी गडद, कडक वाइन तिच्यात मिसळली की मजुराच्या पेल्यास साजेसे पेय तयार होई.

या पेयाला सरकारी अधिष्ठानही लाभले. पहिल्या महायुद्धात फ्रेंच सैनिकांच्या शिध्यात वाइनचा समावेश होता. आरंभी दररोज पाव लिटर मिळणारा हा शिधा युद्ध लांबत गेले तसा वाढत गेला. युद्धानंतर गावी परतलेला शेतकरी ही सवय बरोबर घेऊन आला. घरोघरी लिटरच्या काचेच्या बाटल्या असत, गळ्याभोवती उठावाच्या चांदण्या असलेल्या. रिकामी बाटली दुकानात परत केली की अनामत मिळे. जेवताना वाइनमध्ये पाणी घालण्यात कोणास कमीपणा वाटत नसे. मुलांच्या पेल्यातही चार थेंब पडत. शाळेतील जेवणात चौदा वर्षांखालील मुलांना वाइन देण्यास फ्रान्सने मनाई केली ती १९५६ साली, ही गोष्ट आज वाचताना नवल वाटते. तत्पूर्वी १९५४ मध्ये पंतप्रधान मेंदेस-फ्रान्स यांनी शाळांतून दूध वाटण्याचा उपक्रम सुरू केला होता.

१९६० च्या सुमारास फ्रान्समधील दरडोई खप वर्षाला सुमारे १२० लिटर होता. लहान मुले व न पिणारे वगळले तर प्रत्येक पिणाऱ्याच्या वाट्याला दिवसाकाठी अर्ध्या लिटरच्या आसपास वाइन येई. अर्थशास्त्राच्या परिभाषेत तिला वेतन-वस्तूच म्हणावे लागेल. धान्य, कापड व इंधन यांच्याप्रमाणेच तिचा भाव हा मजुराच्या राहणीमानाचा भाग होता, आणि म्हणूनच तो राजकारणाचाही विषय होता.

सवय का मोडली?

आज तोच दरडोई खप चाळीस लिटरांच्या आसपास आला आहे. १९८० मध्ये फ्रान्समधील जवळजवळ निम्मी प्रौढ माणसे रोज किंवा जवळजवळ रोज वाइन घेत. २०२२ च्या पाहणीत हे प्रमाण दहात एकावर आले. हा बदल भाववाढीने घडलेला नाही. उलट मिळकतीच्या तुलनेत साधी वाइन स्वस्तच होत गेली. फ्रान्समधील किमान वेतन हिशेबात घेतले, तर तीन युरोंची बाटली मिळविण्यास आज वीसएक मिनिटांचे काम पुरते.

याचे स्पष्टीकरण उत्पन्न व मागणी यांच्या संबंधात सापडते. काही वस्तू अशा असतात की उत्पन्न वाढले म्हणजे त्यांची मागणी घटते. आपल्या शहरांतील मध्यमवर्गाच्या पानातून ज्वारी-बाजरी ज्या वाटेने मागे पडत गेली, तीच वाट साध्या तांबड्या वाइनची झाली. शेतातील व खाणीतील अंगमेहनतीची कामे कमी झाली. दोन तासांच्या दुपारच्या जेवणाची जागा कचेरीतील अर्ध्या तासाच्या जेवणाने घेतली. स्त्रिया नोकरी करू लागल्या आणि दोन वेळा सगळ्या कुटुंबाने एकत्र मेजावर बसण्याचा प्रघात मोडला. मोटार चालविणाऱ्याच्या रक्तातील मद्यार्कावर कायद्याने मर्यादा आली. नळाचे पाणी निर्धोक झाले. १९९१ च्या एव्हॅं कायद्याने मद्याच्या जाहिरातींवर कडक बंधने घातली. यांपैकी कोणतेही एक कारण निर्णायक नव्हे. मात्र ती सर्व एकाच दिशेने काम करीत राहिली.

याचा अर्थ लोकांनी वाइन टाकून दिली असा नाही. रोजच्या जेवणातून उठून ती सुट्टीच्या दिवसात, मित्रमंडळींच्या बैठकीत आणि उन्हाळ्याच्या सायंकाळात जाऊन बसली. जी गोष्ट आवश्यक होती ती ऐच्छिक झाली. आवश्यक वस्तूचे गिऱ्हाईक वर्षभर बांधलेले असते. ऐच्छिक वस्तूचे गिऱ्हाईक मात्र हवामान, हौस आणि खिसा पाहून येते. मळेवाल्याला हा फरक फार महागात पडला. कारण द्राक्षवेल एकदा लावली की ती तीस-चाळीस वर्षांची गुंतवणूक असते. रुची दहा वर्षांत बदलते, वेल बदलत नाही.

उन्हाळ्याची वाइन

या पडझडीत एक प्रकार मात्र तगून राहिला. तो म्हणजे रोझे, म्हणजे गुलाबी वाइन. फ्रान्समध्ये विकल्या जाणाऱ्या साध्या वाइनच्या तीन बाटल्यांपैकी सुमारे एक आज रोझेची असते. तिच्या लोकप्रियतेचे रहस्य चवीत आहे, तसेच ते हिशेबातही आहे. काळ्या द्राक्षांचा रस सालींसमवेत थोडेच तास ठेवून वेगळा काढला की त्याला फिकट गुलाबी रंग येतो. सालींतील तुरटपणा त्यात फारसा उतरत नाही. त्यामुळे ती वाइन थंडगार करून घेतली तरी बेचव किंवा कडवट लागत नाही. उलट भारी तांबडी वाइन फार थंड केली की तिचा तुरटपणा अधिकच जाणवतो. भूमध्यसागराकाठच्या उन्हात भाज्या, ऑलिव्ह, मासळी व पाव अशा जेवणाबरोबर रोझे रुचते ती यासाठी.

हिशेबाची बाजू अशी की शरद ऋतूत काढलेली द्राक्षे पुढील वसंतात बाटलीत भरून बाजारात येतात. वर्षानुवर्षे लाकडी पिंपांत भांडवल अडकवून ठेवावे लागत नाही. व्याज वाचते, जागा वाचते, आणि म्हणून चांगली रोझे माफक किमतीत देता येते. स्वस्त वाइन म्हणजे हलक्या प्रतीची वाइन हे समीकरण येथे चुकते. ताजेपण हाच जिचा गुण आहे तिला जुनी करण्यावर पैसा खर्च करणे अनाठायी ठरते. पोर्तुगालच्या वायव्येकडील विन्यू व्हेर्दे याच जातीची आहे. ती हलकी, किंचित आंबट व बऱ्याचदा थोडी बुडबुडणारी असते, मद्यार्कही तिच्यात कमीच असतो.

स्पेनमधील सामान्य लोकांनी तर त्याहूनही सोपा मार्ग काढला आहे. तेथे उन्हाळ्यात साध्या तांबड्या वाइनमध्ये लिंबाचा सोडा व बर्फ घालतात आणि त्या पेयाला उन्हाळ्यातील तांबडी वाइन एवढेच सरळ नाव आहे. ऑस्ट्रिया व जर्मनीत पांढऱ्या वाइनमध्ये सोडावॉटर मिसळून पितात. जाणकारांना हे प्रकार रानटी वाटत असतील. परंतु ज्यांच्या मुलुखात वाइन शतकानुशतके पिकते, त्यांना ती पातळ करून पिण्यात संकोच वाटत नाही. संकोच वाटतो तो जेथे वाइन प्रतिष्ठेची खूण म्हणून आलेली असते तेथे. घरच्या वाइनचा आनंद ती ओळखण्यात नसून ती जेवणात मुरून जाण्यात आहे. किंबहुना जेवताना जिच्याविषयी फारसे बोलावे लागत नाही, ती घरची वाइन.

बाटलीचीही एक अडचण असते. ती एकदा उघडली की हवेच्या संपर्काने दोन-चार दिवसांत वाइन उतरू लागते. दोघांच्या संसारात पाऊण लिटर एका बैठकीत संपविणे प्रकृतीच्या दृष्टीने बरे नव्हे आणि ओतून देणे खिशाच्या दृष्टीने बरे नव्हे. यावर १९६५ साली ऑस्ट्रेलियात पुठ्ठ्याच्या खोक्यातील पिशवीचा उपाय निघाला. वाइन ओतली जाते तशी पिशवी आकसत जाते, आत हवा शिरत नाही आणि काही आठवडे वाइन टिकते. ज्या फ्रान्सने या खोक्याला एके काळी नाके मुरडली, तेथील दुकानांत आज तीन व पाच लिटरची खोकी सर्रास विकली जातात. रोज एक लहान पेला घेणाऱ्यास काचेच्या बाटलीपेक्षा हे अधिक सोयीचे, अधिक काटकसरीचे व अधिक संयमाचेही ठरते.

स्वस्ताईची किंमत

एक गोष्ट येथे ध्यानात घ्यावयास हवी. वाइन कोठे परवडते आणि कोठे परवडत नाही, हे निसर्गापेक्षा कोषागार ठरविते. स्पेन व इटली येथे साध्या वाइनवर उत्पादन शुल्क शून्य आहे. फ्रान्समध्ये ते एका बाटलीस जेमतेम तीन-चार सेंट पडते. उलट ब्रिटनमध्ये ऑगस्ट २०२३ मध्ये नवी पद्धत आली, तेव्हा नेहमीच्या वाइनच्या एका बाटलीवर २ पौंड ६७ पेन्स शुल्क होते, आणि त्यावर मूल्यवर्धित कर निराळा. पाच पौंडांच्या बाटलीतून हे कर, काच, बूच, वाहतूक आणि दुकानदाराचा नफा वजा केला म्हणजे प्रत्यक्ष वाइनसाठी उरते ती क्षुल्लक रक्कम. अशा ठिकाणी स्वस्त बाटली घेणारा माणूस मुख्यतः करच पीत असतो. त्याने दोन पौंड अधिक मोजले तर त्यातील बराच मोठा भाग वाइनच्या गुणवत्तेकडे जातो, कारण शुल्क तेवढेच राहते.

परंतु कर नसलेल्या देशांतही स्वस्ताईची किंमत कोणीतरी मोजतोच. १९०७ मध्ये लांगदोकच्या मळेवाल्यांनी केलेले बंड हा त्याचा जुना पुरावा होय. साखर घालून वाढविलेली व बनावट वाइन बाजारात आली, भाव कोसळले आणि आरजेलिए या खेड्यातील मार्सेलॅं आल्बेर नामक साध्या माणसामागे सारा प्रांत उभा राहिला. ९ जून १९०७ रोजी मोंपेलिए शहरात पाच लाखांहून अधिक लोक जमले होते. नार्बोन येथे सैन्याने गोळीबार केला, माणसे मेली, आणि ज्या पलटणीत त्याच प्रांताचे तरुण होते तिने हुकूम मोडला. त्या जूनअखेर भेसळीविरुद्ध कायदा झाला. पुढे मार्च १९७६ मध्ये, इटलीच्या स्वस्त वाइनच्या आयातीवरून पेटलेल्या आंदोलनात, नार्बोनजवळच्या मोंरदों येथे एक मळेवाला व एक पोलीस अधिकारी ठार झाले.

भेसळीचा सर्वांत विदारक अध्याय १९८६ मध्ये इटलीत लिहिला गेला. स्वस्त वाइनचा कडकपणा वाढविण्यासाठी काही उत्पादकांनी तिच्यात मिथेनॉल घातले आणि वीसहून अधिक माणसे मरण पावली. काहींची दृष्टी गेली. महाराष्ट्रात विषारी दारूने घेतलेले बळी ज्यांना आठवतात, त्यांना हे वेगळे सांगण्याचे कारण नाही. गरिबाच्या पेल्यात काय पडते यावर राज्याची नजर नसेल, तर स्वस्त हा शब्द घातक ठरू शकतो.

इकडे युरोपीय सामायिक बाजाराने हमीभाव व ऊर्ध्वपातन यांचा आधार दिल्यामुळे न खपणाऱ्या वाइनचे जणू तळे साचले. २००८ च्या सुधारणांनी ही पद्धत टप्प्याटप्प्याने बंद करावयाचे ठरविले व १ लाख ७५ हजार हेक्टरांवरील वेली उपटण्यास अनुदान दिले. तरीही २०२३ मध्ये तीच औषधयोजना पुन्हा करावी लागली. फेब्रुवारी २०२४ मध्ये बोर्दोच्या व्यापारी न्यायालयाने, उत्पादनखर्चही न निघेल अशा दराने वाइन विकत घेतल्याबद्दल दोन व्यापाऱ्यांनी एका मळेवाल्यास भरपाई द्यावी, असा निर्णय दिला. जो भाव पिणाऱ्याला परवडतो तो पिकविणाऱ्यालाही परवडला पाहिजे, हे साधे तत्त्व न्यायालयाला सांगावे लागले.

आणि वेली उपटल्याने प्रश्न मिटतो असेही नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये लांगदोकच्याच ओद जिल्ह्यात लागलेल्या वणव्यात सुमारे १६ हजार हेक्टर प्रदेश होरपळला. हिरवे, नांगरलेले द्राक्षमळे हे पूर्वी अशा आगीला नैसर्गिक अडसर असत. ते उजाड झाले तेथे गवत व झुडपे माजली, अशी खंत स्थानिक लोकांनी व अधिकाऱ्यांनीही व्यक्त केली. घरच्या मेजावरून एक पेला उठला त्याचे परिणाम असे डोंगरापर्यंत जाऊन पोहोचले.

नाशिकचा हिशेब

महाराष्ट्राने २००१ मध्ये द्राक्षप्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर केले. राज्यातील द्राक्षांपासून केलेल्या वाइनला उत्पादन शुल्कात सवलत मिळाली, विंचूर व पलूस येथे वाइन पार्क झाले, आणि पुढे वीस टक्के मूल्यवर्धित करापैकी सोळा टक्के उत्पादकास परत देण्याची योजनाही आली. नारायणगावचा प्रयोग त्याआधीच्या दोन दशकांतला. नाशिकचा विस्तार १९९९ नंतरचा. २७ जानेवारी २०२२ रोजी तत्कालीन मंत्रिमंडळाने शंभर चौरस मीटरांहून मोठ्या दुकानांत वाइन विकण्यास मुभा देण्याचा निर्णय घेतला. त्यावर गदारोळ उठला, अण्णा हजारे यांनी उपोषणाचा इशारा दिला, हरकती मागविण्यात आल्या, सरकार बदलले आणि निर्णय अंमलात आला नाही.

या वादात दोन्ही पक्षांनी जे चित्र रंगविले ते मुळात जुन्या फ्रान्सचे होते. समर्थक म्हणत की वाइन ही दारू नव्हे, ती कडक मद्यापासून लोकांना सौम्य पेयाकडे नेईल व शेतकऱ्याला तारील. विरोधक म्हणत की किराण्याच्या सामानाबरोबर वाइन घरोघरी शिरेल. दोहोंनी गृहीत धरले ते एकच, की वाइन सामान्य माणसास परवडेल. आकडे तसे सांगत नाहीत.

जून २०२५ च्या निर्णयानुसार देशी दारूच्या १८० मिलिलिटरच्या बाटलीची किमान किंमत ८० रुपये ठरली. तिच्यात सुमारे ७७ मिलिलिटर शुद्ध मद्यार्क असतो. बारा टक्क्यांच्या वाइनच्या ७५० मिलिलिटर बाटलीत तो ९० मिलिलिटर असतो. ही बाटली पाचशे रुपयांना धरली, तर मद्यार्काच्या प्रत्येक मिलिलिटरला देशीत एक रुपयाच्या थोडे वर आणि वाइनमध्ये साडेपाच रुपये पडतात. नशेसाठी पिणारा मजूर पाचपट दाम मोजून सौम्य पेयाकडे वळेल ही अपेक्षा भाबडी होय. २०२५-२६ साठी महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. फ्रेंच कामगाराची वीस मिनिटे आणि आपल्या मजुराचे दीड दिवसाहून अधिक काम, असे हे अंतर आहे. महाराष्ट्रात वाइन घरच्या जेवणाचा जिन्नस नाही, ती सहलीची व समारंभाची वस्तू आहे.

शेतकऱ्याच्या बाजूचा हिशेबही असाच सावधपणे मांडला पाहिजे. नाशिक व सांगलीची बहुतेक द्राक्षे खाण्याची किंवा बेदाण्याची असतात. वाइनच्या जाती निराळ्या. मणी लहान, साल जाड, आत बिया, बाजारात टोपली घेऊन बसले तर कोणी विचारणार नाही. खाण्याच्या द्राक्षांचा भाव पडला तर शेतकरी बेदाणा करू शकतो. वाइनच्या द्राक्षांना कारखान्याखेरीज दुसरे गिऱ्हाईकच नसते. एकच खरेदीदार असलेल्या बाजारात विक्रेत्याची जी गत होते तीच त्याची होते. २००८ नंतरच्या मंदीत करार मोडले, रकमा थकल्या, आणि नाशिक जिल्ह्यात अनेकांनी हौसेने लावलेल्या वेली उपटल्या. एप्रिलची खरड छाटणी, पावसानंतरची फळछाटणी, औषधफवारणी व मजुरी हा वर्षभराचा खर्च करून जो बाग उभी करतो, त्याच्या हिश्शाला बाटलीच्या किमतीतील किती रुपये येतात, हा प्रश्न २०२२ च्या गदारोळात फारसा कोणी विचारला नाही.

परदेशी वाइनचेही तसेच. भारताचे मूळ आयात शुल्क १५० टक्के. डिसेंबर २०२२ मध्ये अंमलात आलेल्या ऑस्ट्रेलियाबरोबरच्या करारात पाच डॉलरांहून महाग बाटलीचे शुल्क लगेच शंभर टक्क्यांवर आणले आणि पंधरा डॉलरांहून महाग बाटलीचे पंच्याहत्तर टक्क्यांवर. त्याहून स्वस्त बाटलीस सवलत नाही. देशी उत्पादकाला संरक्षण हा त्यामागील हेतू समजण्यासारखा आहे. परंतु त्याचा परिणाम असा की श्रीमंताची वाइन स्वस्त होईल आणि साधी वाइन महागच राहील.

परवडणे कोणाला?

वाइन स्वस्त व्हावी, असा निष्कर्ष यातून घाईने काढू नये. राज्यघटनेच्या ४७ व्या अनुच्छेदाने मादक पेयांविषयी राज्यावर टाकलेली जबाबदारी कायम आहे, वर्धा व गडचिरोली येथे दारूबंदी आहे, आणि मद्याचे कोणतेही प्रमाण आरोग्यास पूर्णतः निर्धोक नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे. ज्या घरात पगाराचा पहिला हप्ता गुत्त्यावर जातो, त्या घरातील स्त्रीला वाइन व दारू यांतील भेद समजावून सांगणे हा तिचा उपहास ठरेल. मात्र ज्या शिक्षकाच्या किंवा कारकुनाच्या घरी वर्षातून चार वेळा, उन्हाळ्याच्या सुट्टीत पाहुणे आले असता, एखादी बाटली थंड करून जेवणाबरोबर वाटली जाते, त्यालाही गुन्हेगाराप्रमाणे मान खाली घालावयास लावू नये. तो घेत असलेला आनंद छोटा आहे, आणि त्याने त्याची किंमत आपल्या अंदाजपत्रकात धरलेली आहे.

धोरणकर्त्यांनी मात्र युरोपच्या शंभर वर्षांच्या अनुभवातून दोन गोष्टी शिकाव्यात. एक, मद्यावरील कर त्यातील मद्यार्काच्या प्रमाणात असावा, म्हणजे सौम्य व कडक यांतील भेद भाषणात न राहता भावात उतरेल. दुसरी, सवलत द्यावयाची तर ती बाटलीला न देता द्राक्षाला द्यावी. कारखान्याला परत मिळणाऱ्या कराच्या बदल्यात शेतकऱ्याशी लेखी करार, ठरलेला किमान भाव आणि वेळेवर रक्कम या अटी घालणे शक्य आहे. तसे न करता शेतकऱ्याच्या नावाने सवलती वाटल्या, तर त्याच्या नावाचा उपयोग बाटलीवरील चिठ्ठीइतकाच राहील.

फ्रान्समधील मळेवाला आज कुऱ्हाड घेऊन आपल्या आजोबाने लावलेल्या वेलीपाशी उभा आहे, कारण त्याच्या नातवाला रोज दुपारी वाइन नको आहे. नातवाचे चुकले असे कोणी म्हणणार नाही. पण तो बदल दिसत असताना हमीभावाने वेली वाढवीत राहणाऱ्यांचे खचित चुकले. नाशिकच्या मळेवाल्यावर तीच वेळ यावयाची नसेल, तर दुकानात वाइन ठेवावी की नाही या वादाआधी बांधावरच्या भावाचा प्रश्न सोडवावा लागेल.